पन्नीतला कपडा आणि पहिले चार दिवस

लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यात जप्त केलेला कपडा कागदी पाकिटात ठेवायचा असतो. ओला असेल तर आधी सावलीत वाळवायचा, प्रत्येक कपड्याला वेगळे पाकीट, पाकिटावर नाव-तारीख-वेळ, तोंडाला लाख आणि लाखेवर शिक्का. याऐवजी तो प्लॅस्टिकच्या पन्नीत कोंबला तर ओल आतच राहते, दोन-तीन दिवसांत बुरशी चढते आणि कपड्यावरचा डीएनए सडून जातो. ठाण्याच्या मालखान्यात अशी पन्नी महिनाभर पडून राहिली की नागपूर किंवा अमरावतीच्या प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेतून काही हाती लागण्याची आशा जवळजवळ संपते. कागदी पाकिटाची किंमत पाच रुपयेही नाही.

गावात घटना घडली की आठवड्याच्या आत तालुक्याच्या चौकात मोर्चा येतो. बाजारपेठ बंद, तहसीलदारांना निवेदन, आणि निवेदनात पहिली मागणी फाशीची. फेब्रुवारी २०२० मध्ये हिंगणघाटला कॉलेजात शिकवायला निघालेल्या तरुणीला भर रस्त्यात पेटवले, आठवड्याने ती गेली, आणि सगळा विदर्भ रस्त्यावर आला. त्यानंतर डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने शक्ती विधेयक मंजूर केले. काही गुन्ह्यांना मृत्युदंड त्यात होता. राष्ट्रपतींच्या संमतीअभावी ते अमलात आलेच नाही. तो संताप खरा होता, याबद्दल वाद नाही. पण त्याच मोर्च्यात कुणी विचारले का, की आपल्या ग्रामीण रुग्णालयात नमुने घेण्याचे किट आहे का, रात्री महिला डॉक्टर कोण असते, आणि कपडे पन्नीत गेले की कागदात?

माझे म्हणणे साधे आहे. ग्रामीण विदर्भात पीडितेची केस उभी राहते की पडते, हे शिक्षेच्या कलमापेक्षा पहिल्या चार दिवसांत तालुक्याच्या ठिकाणी काय घडते यावर ठरते. त्या चार दिवसांसाठी कायद्याने भरपूर दिले आहे. अडचण ही की ते सगळे 'मागेल त्याला' अशा हिशेबाने दिले जाते, आणि त्या चार दिवसांत मागण्याच्या स्थितीत पीडिता सोडून बाकी सगळे असतात.

चारच दिवस का? केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार शरीराच्या आतले नमुने साधारण ९६ तासांपर्यंत घेता येतात, आणि पुरावा तासातासाने कमी होत जातो. एचआयव्ही टाळण्याची औषधे ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात आणि पुढे २८ दिवस घ्यावी लागतात. गर्भ राहू नये म्हणून द्यायची गोळी जितकी लवकर तितकी चांगली, पाच दिवसांनंतर उपयोग नाही. आता हे घड्याळ एखाद्या शेतमजूर बाईच्या मनगटावर बांधून बघा. कापूस वेचणीचे दिवस, घटना वावरात, पऱ्हाटीच्या आड. पहिला दिवस ती कुणाला काही बोलतच नाही. अंगावरचे लुगडे धुवून दोरीवर टाकते, आंघोळ करते, आणि यात तिची चूक काहीच नाही. दुसरा दिवस नवऱ्याला किंवा आईला सांगण्यात. तिसऱ्या दिवशी बैठक. ठाण्याची पायरी चढेपर्यंत चौथा दिवस उजाडतो, आणि तिथून तिला जिल्ह्याला पाठवतात. धारणीहून अमरावती दीडशे किलोमीटरच्या घरात, मध्ये घाट. सिरोंच्याहून गडचिरोली दोनशेच्या वर.

उशीर झाला म्हणून डॉक्टरला तपासणी नाकारता येत नाही, हेही इथेच सांगून टाकावे लागते, कारण ९६ तासांचा आकडा कळला की तो नाकारायलाच वापरला जातो. चार दिवसांनंतरही जखमा, ओरखडे, न धुतलेले कपडे, मनावरचा आघात हे सगळे नोंदवण्याजोगे असते. आणि उपचार तर कोणत्याही दिवशी द्यायचेच.

तिसऱ्या दिवसाच्या बैठकीबद्दल थोडे सविस्तर बोलायला हवे. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ पासून राज्यात सुरू झाली, आणि धुऱ्याचे भांडण, भावकीची वाटणी, उधारीचे तंटे मिटवण्यात तिचा उपयोगही झाला. मोहिमेची मर्यादा स्पष्ट होती, तडजोडपात्र गुन्हेच मिटवायचे. बलात्कार तडजोडपात्र नाही. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बजावले की दोन्ही बाजूंनी समझोता केला म्हणून या गुन्ह्यात शिक्षा कमी करता येणार नाही. पण गावच्या तंटामुक्त समितीच्या ओट्यावर हे वाचून कोण दाखवणार? तिथे चालतो तो सूर वेगळा. "कायले कोर्टकचेरी करता, पोरीचं नावच खराब होईन." मग एक रक्कम ठरते, स्टॅम्पपेपरवर सह्या होतात. या स्टॅम्पपेपरला कायद्यात किंमत शून्य. मात्र पुढे हाच कागद बचाव पक्षाचा वकील उलटतपासणीत काढतो, पैशासाठी केस केली म्हणून. गंभीर गुन्ह्याची खबर ठाण्याला देणे हे पोलीस पाटलाचे काम आहे, बैठकीत पंच म्हणून बसणे नव्हे. आणि पीडित अठराच्या आतली असेल तर गोष्ट आणखी गंभीर होते. पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे माहिती असणाऱ्या प्रत्येकाला ती कळवावीच लागते. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आश्रमशाळेचा अधीक्षक, मुख्याध्यापक, खाजगी डॉक्टर, सरपंच, कुणालाही यातून सूट नाही.

आता ठाणे. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे आणि तिचे कलम १७३ वाचले तर पीडितेच्या बाजूने ते चांगलेच भक्कम आहे. हद्द कुणाची हा प्रश्नच नाही. कोणत्याही ठाण्यात रिपोर्ट देता येतो, तो शून्य क्रमांकाने नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठवायची जबाबदारी पोलिसांची. मोबाइलवरून पाठवलेली तक्रारही चालते, फक्त तीन दिवसांत सही करावी लागते. एफआयआरची प्रत फुकट, आणि ती फिर्यादीलाच नव्हे तर पीडितालाही. अत्याचारग्रस्त स्त्रीचा जबाब महिला अधिकाऱ्याने नोंदवायचा. बलात्कारासारख्या गुन्ह्याची खबर नोंदवून न घेणाऱ्या अधिकाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९ खाली किमान सहा महिने आणि कमाल दोन वर्षे सक्तमजुरी आहे.

घोटाळा होतो तो मुख्यतः एका कागदावर. बीट जमादार सगळे शांतपणे ऐकून घेतो, रजिस्टरमध्ये लिहितो, आणि एक चिठ्ठी हातात देतो. ती एनसी असते, म्हणजे अदखलपात्र नोंद. त्या नोंदीवर न्यायालयाच्या हुकुमाशिवाय तपास होत नाही. घरच्यांना वाटते रिपोर्ट झाला. ते निश्चिंत होतात आणि घड्याळ पुढे सरकते. म्हणून ठाण्यातून निघण्यापूर्वी कागदावर तीन गोष्टी बघायच्या. वर 'प्रथम खबर' लिहिले आहे का, गुन्हा क्रमांक आहे का, आणि कलमे सांगितलेल्या हकिकतीशी जुळतात का. कलमे समजत नसतील तर १५१०० या विधी सेवेच्या, म्हणजे मोफत कायदेशीर मदतीच्या क्रमांकावर विचारता येते. ठाणेदार ऐकतच नसेल तर तोच मजकूर पोलीस अधीक्षकांना नोंदणीकृत टपालाने पाठवायचा, पोचपावती जपायची, आणि तरीही हालचाल नसेल तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. हा क्रम आता कायद्यातच लिहिलेला आहे, आधीची पायरी गाळली तर अर्ज तिथेच अडतो.

दवाखान्याचे घोडे याहून जास्त अडते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ नुसार सरकारी असो की खाजगी, प्रत्येक रुग्णालयाने अत्याचारग्रस्तावर तात्काळ आणि मोफत उपचार करायचे आहेत. नाकारल्यास एक वर्षापर्यंत कैद. कलम १८४ म्हणते की खबर मिळाल्यापासून २४ तासांत वैद्यकीय तपासणीला पाठवा आणि डॉक्टरने सात दिवसांत अहवाल तपास अधिकाऱ्याला द्यावा. बाई आधी ठाण्यात न जाता थेट दवाखान्यात आली तरी तपासणी करायची असते, पोलिसांचे पत्र आणा म्हणून तिला परत पाठवता येत नाही. प्रत्यक्षात प्राथमिक आरोग्य केंद्र ग्रामीण रुग्णालयाकडे बोट दाखवते, ग्रामीण रुग्णालय उपजिल्ह्याकडे, आणि तिथून जिल्हा. प्रत्येक ठिकाणी नवा केसपेपर, तीच हकिकत पुन्हा. कारण बहुधा एकच, महिला डॉक्टर नाही. पोक्सोखाली मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची असते, ते योग्यच आहे. पण प्रौढ स्त्रीच्या बाबतीत महिला डॉक्टर उपलब्ध नसेल तर तिच्या संमतीने, महिला कर्मचाऱ्याच्या उपस्थितीत पुरुष डॉक्टर तपासणी करू शकतो. हे अनेक वैद्यकीय अधिकाऱ्यांना माहीत नसते. काहींना माहीत असते, पण पुढे साक्षीला कोर्टात जावे लागेल म्हणून रेफर करणे सोपे वाटते. दुसऱ्या प्रकारच्या डॉक्टरांबद्दल फार सहानुभूती दाखवण्याचे कारण नाही.

तपासणीत काय लिहिले जाते, यावर तर विदर्भाने देशाला एकदा धडा दिलेला आहे. २६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंजच्या, म्हणजे वडशाच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केल्याचा आरोप झाला. तेव्हा ते चंद्रपूर जिल्ह्यात होते. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडले. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरड नाही, म्हणजे संमती होती, असा तो तर्क. पुढच्याच वर्षी उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर स्त्रियांच्या संघटना उठल्या, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात पीडितेने संमती नव्हती असे सांगितले तर न्यायालयाने तसेच गृहीत धरायचे, हे त्या दुरुस्तीने आले. पीडितेचे नाव छापायला बंदीही तेव्हाचीच. प्रतिकार केला नाही म्हणजे संमती होती असे मानता येणार नाही, हेही आज कायद्यात स्पष्ट आहे. सेवाग्रामच्या न्यायवैद्यक तज्ज्ञांनी तपासणीतल्या अशास्त्रीय प्रकारांवर बोट ठेवले आणि दोन बोटांच्या चाचणीचा प्रश्न नागपूर खंडपीठापुढे गेला. ही चाचणी कुणी केली तर तो गैरवर्तनाचा दोषी, असे सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२२ ला सांगितले. एवढे होऊनही एखाद्या अहवालाच्या तळाशी 'जखमा नाहीत' एवढे एकच वाक्य असते. डॉक्टरने त्यासोबत लिहायला हवे की किती तासांनी तपासणी झाली, मधे आंघोळ झाली का, कपडे धुतले का, आणि जखमा नसणे म्हणजे अत्याचार झाला नाही असे ठरत नाही. वडशाच्या केसमध्ये जे वाक्य आरोपींच्या कामी आले, ते या ओळी नसल्या की आजही येते.

गर्भ राहिला असेल तर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने, २० ते २४ आठवड्यांत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. त्यापुढे सहसा नागपूर खंडपीठाचा दरवाजा. लहान मुलींच्या बाबतीत पोट दिसू लागल्यावरच घरच्यांना कळते, म्हणून हा दरवाजा वारंवार ठोठवावा लागतो. गर्भाचा नमुना डीएनएसाठी पाठवायचा असतो आणि तो सलाइनमध्ये ठेवायचा. सवयीने फॉर्मेलिनमध्ये टाकला की डीएनए जातो. पन्नीसारखीच ही चूक, बाटली तेवढी वेगळी.

पैशाचा विषय निघाला की लोक जरा अवघडतात, पण केस तिथेच जास्त फुटते. रोजमजुरी करणाऱ्या घराला ठाणे, दवाखाना, न्यायदंडाधिकाऱ्यांपुढचा जबाब, बाल कल्याण समिती अशा चार-पाच खेपा म्हणजे आठवड्याची चूल बंद. आरोपी बहुतेक वेळा ओळखीचा असतो, कधी मालकच. त्याच्याच वावरात काम बंद झालेले असते. अशा वेळी समझोत्याचे वीस हजार समोर आले तर नाकारायला बळ लागते, आणि ते बळ देण्यासाठीच नुकसानभरपाईच्या योजना आहेत. महाराष्ट्रात मनोधैर्य योजना २ ऑक्टोबर २०१३ पासून आहे. आता ती जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत चालते. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची स्त्रियांसाठीची योजना सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २ ऑक्टोबर २०१८ पासून लागू झाली, तीत बलात्कारासाठी ४ ते ७ लाख, सामूहिक बलात्कारासाठी ५ ते १० लाख अशी मर्यादा आहे. बरीचशी रक्कम मुदतठेवीत जाते, थोडी लगेच हातात येते. आरोपी सापडला नाही, खटला उभाच राहिला नाही, तरी अर्ज करता येतो, आणि प्राधिकरणाने दोन महिन्यांत चौकशी पूर्ण करायची असते. लहान मुलांसाठी तर पोक्सो नियम २०२० मध्ये फार चांगली तरतूद आहे. अन्न, कपडे, प्रवास अशा तातडीच्या गरजांसाठी बाल कल्याण समिती रकमेची शिफारस करू शकते, आणि ती आठवड्याच्या आत द्यायची.

यात सगळ्यात महत्त्वाचे वाक्य राष्ट्रीय योजनेत आहे आणि त्याची चर्चा जवळजवळ होतच नाही. या गुन्ह्यांचा एफआयआर नोंदवला की ठाणेदाराने किंवा अधीक्षकाने त्याची प्रत ताबडतोब जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला पाठवणे बंधनकारक आहे, आणि प्राधिकरण स्वतःहून अंतरिम मदत देऊ शकते. म्हणजे पीडितेने अर्ज शोधत जिल्हा न्यायालयाच्या आवारात फिरायची गरजच नाही, असा योजनेचा मूळ बेत होता. तो बेत ठाण्याच्या आवक-जावक टेबलावर मरतो. प्रत जात नाही. गेली तर त्यावर बँक खाते नसते. खाते असते तर आधारवरचे नाव आणि खात्यावरचे नाव जुळत नाही, माहेरचे एक, सासरचे एक. मुलीवर बापानेच अत्याचार केला असेल आणि खात्यावर पालक म्हणून बापच असेल, तर रक्कम कुठे जाईल याचा विचार कुणी केलेला नसतो. अशा वेळी आई किंवा बाल कल्याण समितीने ठरवलेली व्यक्ती पालक असलेले नवे खाते आधी उघडून घ्यावे, मग अर्ज.

अनुसूचित जाती-जमातीच्या पीडितांसाठी ॲट्रॉसिटी कायदा आणि त्याचे १९९५ चे नियम याहून पुढे गेलेले आहेत. खून किंवा सामूहिक बलात्कार असेल तर सव्वाआठ लाख, बलात्काराला पाच लाख, आणि ही मदत टप्प्याटप्प्याने: काही एफआयआरच्या किंवा वैद्यकीय अहवालाच्या वेळी, काही आरोपपत्रानंतर, उरलेली शेवटी. तपास पोलीस उपअधीक्षकापेक्षा खालच्या अधिकाऱ्याने करायचा नाही. आरोपीच्या जामिनाच्या सुनावणीची सूचना पीडिताला मिळाली पाहिजे आणि पीडिताचे म्हणणे ऐकले पाहिजे. नियम ११ तर मला सगळ्यात आवडतो. ठाणे, दवाखाना, अधिकारी, विशेष न्यायालय, जिथे जावे लागेल तिथल्या प्रवासाचा खर्च आणि बुडालेली मजुरी तीन दिवसांच्या आत द्यायची. हे कलम लिहिणाऱ्याला एसटीचे तिकीट आणि मजुरी यांचा अर्थ माहीत होता.

पण हे सगळे लागू व्हायला पहिल्याच जबाबात दोन गोष्टी याव्या लागतात. आरोपीची जात वेगळी आहे हे, आणि आरोपीला पीडिताची जात ठाऊक होती हे. जातिवाचक शिवी दिली असेल तर तिचे शब्द जसेच्या तसे, आणि ती कुठे, कुणासमोर दिली. नंतर पुरवणी जबाबात हे आले की 'मागाहून सुचलेले' ठरते. खैरलांजीचे काय झाले आठवा. २९ सप्टेंबर २००६ ला मोहाडी तालुक्यातल्या त्या गावात भोतमांगे या दलित कुटुंबातले चौघे मारले गेले. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने आठ जणांना दोषी धरले, सहा जणांना फाशी सुनावली. २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने ती २५ वर्षांच्या कारावासावर आणली. ॲट्रॉसिटीचे कलम मात्र टिकले नाही. अख्ख्या महाराष्ट्राला जे दिसत होते ते न्यायालयात सिद्ध झाले नाही. जातीचा दाखला नसणे हा आणखी एक खोडा. अनुसूचित जमातीसाठी १९५० पूर्वीचे पुरावे मागतात. मजूर कुटुंबाकडे ते नसतात, आणि समाजकल्याण कार्यालयात फाइल त्या एका कागदासाठी पडून राहते. या गुन्ह्यांत उपविभागीय कार्यालयाने दाखला तातडीने काढून द्यावा, पीडिताला रांगेत उभे करू नये.

गडचिरोलीत, मेळघाटात भाषेचा प्रश्न येतो. माडिया किंवा कोरकू बोलणाऱ्या मुलीचा जबाब मराठीत उतरतो तेव्हा मधे कोण उभे असते? पुष्कळदा त्याच भागातला शिपाई. पोक्सो नियमांत जिल्हा बाल संरक्षण कक्षाने दुभाष्यांची यादी ठेवायची आणि त्यांना मानधन द्यायचे असे लिहिले आहे. मुलाच्या सोबतीला खटला संपेपर्यंत एक साहाय्यक व्यक्ती द्यायची, तारखा कळवायच्या, कोर्टाची खोली आधी दाखवून आणायची, घरच्यांवर दबाव आला तर कळवायचे, हे सगळे तिचे काम. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यावर राज्यांना निर्देशही दिले. जिल्ह्याच्या गावी राहणारी व्यक्ती भामरागडच्या मुलीला सोबत कशी करणार, हा साधा भूगोल कुणी सोडवायचा? एक मात्र सांगतो, हे काम आशाताईंच्या गळ्यात अडकवू नये. त्याच गावात राहून त्याच गावाविरुद्ध साक्षीदाराला धीर द्या म्हणणे सोपे आहे, बोलणारा तिथे राहत नसेल तर.

घरातल्या मारहाणीचे गणित वेगळे आहे, तिथे घाई पुराव्याची नसते, छपराची असते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात सातबाऱ्यावर किंवा घरटॅक्सच्या पावतीवर बाईचे नाव नसले तरी राहत्या घरातला हक्क मिळतो, अर्ज माहेरच्या तालुक्यातही करता येतो, पहिली सुनावणी तीन दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत अपेक्षित आहे. संरक्षण अधिकाऱ्याने घटनेचा अहवाल भरून द्यायचा, त्यासाठी वकील लागत नाही. सखी केंद्रात, म्हणजे पीडित स्त्रियांसाठीच्या सरकारी मदत केंद्रात, पाच दिवसांपर्यंत राहता येते, १८१ वर फोन केला तर पत्ता मिळतो. पाच दिवसांनंतर कुठे, हे उत्तर केंद्राकडे बहुधा नसते, आणि म्हणून ती सहाव्या दिवशी त्याच घरी परतते.

खोट्या तक्रारींचे काय, असा प्रश्न येणारच. तक्रार नोंदवणे म्हणजे शिक्षा देणे नव्हे. शिवाय वेळेवर आणि नीट घेतलेला नमुना निरपराध माणसालाही सोडवतो. नमुना सडला की दोघांच्याही हाती फक्त शब्द उरतात, आणि खेड्यात कुणाचे शब्द जड हे आपण जाणतो. दुसरा आक्षेप निधीचा. कागदी पाकिटे, किट, कुलपाचे कपाट, फ्रीजमधला एक कप्पा, रात्रीच्या महिला डॉक्टरची लगतच्या दोन तालुक्यांत मिळून लावलेली पाळी, गावाहून आणायला पोलिसांचेच वाहन. याचा खर्च एका स्वागतकमानीपेक्षा जास्त नाही.

तेव्हा मागणी करायचीच असेल तर अशी करावी. ठाण्यात एफआयआर संगणकावर नोंदला जातो. त्याच क्षणी तो विधी सेवा प्राधिकरणाला जाईल आणि पीडितेच्या प्रतीवर तिथला नोंदणी क्रमांक छापून येईल, एवढी जोड पोलिसांच्या सीसीटीएनएस या संगणक प्रणालीत द्यावी. ॲट्रॉसिटीचा नियम ११ सगळ्याच अत्याचारग्रस्तांना लावावा, तिकीट आणि मजुरी तीन दिवसांत. ग्रामीण रुग्णालयाच्या रजिस्टरमध्ये दोन रकाने वाढवावेत, पीडिता आली ती वेळ आणि तपासणी सुरू झाली ती वेळ. रेफर केले असेल तर कुणाच्या सहीने आणि कोणत्या कारणाने.

तोवर हेच आकडे माहिती अधिकारात मागता येतात. गेल्या वर्षभरात तालुक्यातल्या ठाण्यांनी किती एफआयआरच्या प्रती प्राधिकरणाला पाठवल्या, आरोपपत्राआधी किती जणींना अंतरिम रक्कम मिळाली, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या, ॲट्रॉसिटी कायद्याच्या दक्षता समितीच्या तीन महिन्यांनी घ्यायच्या बैठका प्रत्यक्षात किती झाल्या. तीन कार्यालये, तीन अर्ज, प्रत्येकावर दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट. उत्तराची मुदत तीस दिवस.